‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’ : आफ्टर इफेक्ट्समधील एका कमांडचे परीक्षण

अ‍ॅडोबीच्या आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर जोवर टेक्स्ट लेअरवर असतो, तोवर त्याचा फाँट, आकारमान, रंग आणि अक्षरांमधले अंतर हवे तसे बदलता येते. अक्षराच्या प्रत्यक्ष रेषेला मात्र हात लावता येत नाही. ‘ग’चा दंड खाली ओढून लांबवावा, ‘ठ’चे वर्तुळ फिरते ठेवावे किंवा शीर्षकाची बाह्यरेषा पडद्यावर हळूहळू उमटत जावी, असे काही मनात आले की मजकुराचे रूपांतर संपादनक्षम व्हेक्टर (बिंदू व रेषांनी बनलेल्या) आकारांत करण्यावाचून गत्यंतर नसते. त्यासाठी या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’ ही कमांड आहे आणि हे परीक्षण तिचेच आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. बाह्यरेषा काढून देण्याचे काम ही कमांड चोख करते. त्या रेषा अ‍ॅनिमेशनला सोयीच्या पद्धतीने लावून देण्याचे काम मात्र ती आपल्यावर सोडते, आणि मजकूर देवनागरीत असेल तर हे उरलेले काम चांगलेच वाढते.

कृती सोपी आहे. टेक्स्ट लेअर निवडून लेअर मेन्यूतील ‘क्रिएट’ या उपमेन्यूत ही कमांड द्यावी, किंवा टाइमलाइनवर त्याच लेअरवर राइट-क्लिक करून ती निवडावी. सगळा मजकूर नको असेल तर कॉम्पोझिशन पॅनेलमध्ये हवी तेवढीच अक्षरे निवडून त्यांचेच आकार काढता येतात; ही सोय फारशी कोणी वापरताना दिसत नाही, पण लांबलचक ओळीतील एखादेच अक्षर हलवायचे असते तेव्हा ती पुष्कळ पसारा वाचवते. कमांड दिली की सर्व लेअरांच्या वर एक नवा शेप लेअर येतो, त्याच्या नावात मूळ मजकुरापुढे ‘आउटलाइन्स’ असे जोडलेले असते, आणि मूळ टेक्स्ट लेअर नाहीसा न होता फक्त त्याचा डोळा, म्हणजे दृश्यतेचे चिन्ह, बंद केला जातो. हा शेवटचा तपशील किरकोळ समजू नये. आकारांपासून पुन्हा मजकुराकडे नेणारी कमांड या सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यामुळे अंतिम क्षणी शुद्धलेखनाची चूक निघाली किंवा ग्राहकाने शब्दच बदलला, तर त्या बंद पडलेल्या लेअरकडेच परतावे लागते. टाइमलाइन मोकळी दिसावी म्हणून तो लेअर काढून टाकण्यापेक्षा ‘शाय’ करून लपवून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

रूपांतरात काय बरोबर येते आणि काय मागे राहते, याचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. लेअरचे स्थान, आकारमान, फिरणे आणि अपारदर्शकता यांच्या कीफ्रेम (ठरावीक क्षणी नोंदवलेल्या किमती) व त्यांवरील एक्स्प्रेशन (किंमत ठरवणारी छोटी सूत्रे) नव्या लेअरवर उतरतात. इफेक्ट, मास्क आणि लेअर स्टाइलही उतरतात. अक्षरांचा फिल (आतला रंग) आणि स्ट्रोक (कडेची रेघ) मूळ रंगात मिळतो. अक्षरांमधले अंतर, म्हणजे हाताने केलेले कर्निंगसुद्धा, त्या क्षणी जसे असेल तसे स्थानांच्या रूपात गोठते. मागे राहतात ते अक्षरांना एकेक करून हालचाल देणारे टेक्स्ट अ‍ॅनिमेटर आणि ती हालचाल कोणत्या अक्षरांना लागू व्हावी हे ठरवणारे त्यांचे रेंज सिलेक्टर. अक्षरे एकामागून एक खालून वर येण्याची हालचाल अ‍ॅनिमेटरने रचलेली असेल, तर आकारांवर ती अगदी पहिल्यापासून उभी करावी लागते, आणि अ‍ॅनिमेटरमध्ये दोन कीफ्रेमांत होणाऱ्या कामाला तेथे अक्षरागणिक कीफ्रेम लागतात. म्हणून रूपांतर हे मजकुराच्या कामातले पहिले पाऊल नसावे. अ‍ॅनिमेटरने जेवढे होते तेवढे आधी करून पाहावे आणि खरोखर रेषेलाच हात घालायचा असेल तेव्हाच ही कमांड द्यावी.

नवा लेअर उघडून आत पाहिले की कमांडचे चांगले आणि वाईट दोन्ही गुण एकाच ठिकाणी दिसतात. प्रत्येक अक्षरासाठी एक गट असतो आणि गटात एक किंवा अधिक पाथ (बिंदूंमधून जाणाऱ्या रेषा), फिल आणि स्ट्रोक असतात. रोमन लिपीतील ‘आय’ या छोट्या अक्षराचे खोड आणि टिंब असे दोन पाथ होतात, तर ‘ओ’चा एक पाथ बाहेरच्या कडेचा व दुसरा आतल्या पोकळीचा असतो, असे एकाहून अधिक पाथ असले की त्यांना एकत्र बांधण्यासाठी गटात ‘मर्ज पाथ्स’ हे ऑपरेशन आपोआप घातले जाते. देवनागरीत ‘व’, ‘ब’, ‘ठ’, ‘म’ अशा पोकळी असलेल्या अक्षरांच्या बाबतीत हेच घडते. फाँट नीट बांधलेला असेल तर बाहेरच्या आणि आतल्या पाथची दिशा परस्परविरुद्ध असते, आणि फिलचा नियम ‘नॉन-झीरो वाइंडिंग’ (पाथच्या दिशेवरून आत-बाहेर ठरवणारा) असल्यामुळे मर्ज पाथ्स काढून टाकले तरी पोकळी बहुधा पोकळीच राहते. ही गोष्ट पुढे निर्यातीच्या वेळी कामाला येते.

पाथवरचे बिंदू फाँटच्या जातीवर अवलंबून असतात. पोस्टस्क्रिप्ट घराण्यातील फाँट क्युबिक बेझिए वक्रांनी काढलेले असतात आणि आफ्टर इफेक्ट्सचे पाथही त्याच प्रकारचे असतात, त्यामुळे अशा फाँटमधून येणारे बिंदू मोजके आणि समंजस जागी असतात: वळणाच्या टोकांवर, कोपऱ्यांवर, रेषा संपते तेथे. ट्रूटाइप फाँटमधील वक्र क्वाड्रॅटिक असतात. त्यांचे क्युबिकमध्ये रूपांतर होताना आकार बिघडत नाही, पण तोच गोलावा दाखवायला अधिक बिंदू लागतात आणि ते हाताने ओढून वळण बदलायचे म्हटले की वक्रावर टेंगळे येतात. व्हेरिएबल फाँटची आणखी एक तऱ्हा असते. त्यांच्या एकाच अक्षरातले अवयव पुष्कळदा एकमेकांवर चढवलेले ठेवतात, म्हणजे दंड वेगळा पाथ आणि गोलाई वेगळा पाथ. नुसत्या फिलमध्ये हे कळत नाही, पण स्ट्रोक लावताच अक्षराच्या पोटात नको त्या रेषा उमटतात. रेषेवर काम करायचे ठरले असेल तर फाँट निवडतानाच त्याची बाह्यरेषा पाहून घ्यावी, हा त्यातून निघणारा व्यवहारी नियम.

माझी मुख्य तक्रार गटांच्या अँकर पॉइंटबद्दल, म्हणजे गट ज्या बिंदूभोवती फिरतो व लहानमोठा होतो त्या बिंदूबद्दल, आहे. प्रत्येक अक्षराचा वेगळा गट मिळतो हे ऐकायला छान वाटते, पण त्या सगळ्या गटांचा अँकर पॉइंट लेअरच्या शून्यस्थानीच असतो. याचा अर्थ असा की शब्दाच्या शेवटचे अक्षर जागच्या जागी फिरवायला जावे, तर ते ओळीच्या दुसऱ्या टोकाभोवती भलेमोठे वर्तुळ काढत निघते, आणि लहान करायला जावे तर लहान होता होता त्या टोकाकडे सरकत जाते. उपाय आहे: गटाच्या अँकर पॉइंटचे आकडे अक्षराच्या मध्यापर्यंत न्यायचे आणि तेच आकडे गटाच्या ‘पोझिशन’मध्ये भरायचे, म्हणजे अक्षर हलत नाही आणि फिरण्याचा केंद्रबिंदू तेवढा जागेवर येतो. एका अक्षरासाठी हे ठीक आहे; पूर्ण वाक्यासाठी हे हाताने करणे म्हणजे निव्वळ वेठबिगारी. प्रत्येक गट वेगळ्या लेअरवर नेऊन केंद्र जागेवर आणणाऱ्या स्क्रिप्ट बाजारात आहेत आणि रोज हे काम करणारे लोक त्यांचाच आधार घेतात, पण जे काम दहापैकी नऊ वापरकर्त्यांना रूपांतरानंतर लगेच करावे लागणार, त्यासाठी कमांडमध्येच एखादा पर्याय असायला हवा होता. शेप लेअर ही सोय सीएस३ या आवृत्तीबरोबर २००७ साली आली. तेव्हापासून गटांच्या या वागण्याची सवय करून घेणे एवढेच आपल्या हाती राहिले आहे.

आता देवनागरीकडे येऊ, कारण मराठी शीर्षके करणाऱ्याला या कमांडची खरी कसोटी तेथेच लागते. पहिला प्रश्न रूपांतराच्याही आधीचा आहे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते आणि पडद्यावर व्यंजनाच्या आधी दिसावी लागते; रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो; जोडाक्षरासाठी फाँटमधला वेगळा आकार उचलावा लागतो. हे सगळे करणारे मजकूर-इंजिन चालू नसेल तर वेलांटी भलत्या जागी पडते आणि हलन्ताचे पाय उघडे राहतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचे इंजिन प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात निवडण्याची सोय दिलेली होती आणि जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्याने ती आधी तपासावी. रूपांतराची कमांड जे दिसते तेच काढून देते, ती चुकलेली वेलांटी जागेवर आणत नाही. म्हणून ‘स्थिर’, ‘कर्ता’, ‘विद्यार्थी’, ‘क्षितिज’ असे चारदोन अवघड शब्द टेक्स्ट लेअरवर टाइप करून पाहणे आणि ते बरोबर उमटले तरच पुढे जाणे बरे. युनिकोडपूर्व काळातील फाँट वापरणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही, कारण त्यांत अक्षरांचे तुकडे हातानेच जुळवलेले असतात. पण त्याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागते, कारण काना, मात्रा आणि अर्धी अक्षरे असे सुटे तुकडे आकारांत उतरतात आणि एका जोडाक्षराचे दोन-तीन गट होऊन बसतात. युनिकोड फाँटमध्येही गट नेमके कसे पडतील हे तो फाँट कसा बांधला आहे यावर ठरते, त्यामुळे ‘की’मधला ‘क’ हलवला आणि वेलांटी जागीच उभी राहिली, तर त्याचे आश्चर्य वाटू नये. हलवण्याआधी अशा गटांना एका मोठ्या गटात बांधून घ्यावे आणि त्याला अक्षराचे नाव द्यावे.

दुसरा प्रश्न शिरोरेषेचा. ओळीत सलग दिसणारी शिरोरेषा फाँटमध्ये सलग नसते. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येते, आणि दोन तुकड्यांमध्ये फट दिसू नये म्हणून फाँटकार तो तुकडा किंचित लांब ठेवून शेजारच्या अक्षरावर चढवतात. टेक्स्ट लेअरवर एकरंगी फिल असतो तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. आकारांत रूपांतर करून फिल काढला आणि नुसता स्ट्रोक ठेवला की प्रत्येक सांध्यावर दोन उभ्या रेषा दिसू लागतात, आणि ‘नमस्कार’ हा शब्द एकसंध न दिसता शेजारी शेजारी लावलेल्या डब्यांसारखा दिसतो. गटांची अपारदर्शकता वेगवेगळी कमी केली तर सांध्यांवर गडद पट्टे उठतात. अपारदर्शकता संपूर्ण लेअरची कमी केली तर मात्र ते दिसत नाहीत, कारण तेव्हा आधी सगळे आकार एकत्र रंगवले जातात आणि मग पारदर्शक होतात.

यावरचा इलाज आफ्टर इफेक्ट्समध्येच आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. सगळ्या अक्षरगटांच्या खाली, म्हणजे लेअरच्या मुळाशी, मर्ज पाथ्स घालावे आणि त्याचा प्रकार ‘अ‍ॅड’ ठेवावा. हे ऑपरेशन आपल्या वरचे सगळे पाथ घेऊन त्यांचा एकच आकार बनवते आणि तो दिसावा म्हणून त्याच्या खाली नवा फिल व स्ट्रोक येतो. गटांच्या आतले जुने फिल आणि स्ट्रोक मग बंद करावेत. एवढे केले की सांध्यावरच्या रेषा जातात आणि शब्दाच्या बाहेरून फिरणारी एकच कडा उरते. देवनागरी शब्दाला जाड बाह्यरेषा द्यायची असेल, आतून पोकळ दिसणारे शीर्षक करायचे असेल किंवा ‘ऑफसेट पाथ्स’ने शब्द फुगवायचा असेल, तर हा क्रम टाळून चालत नाही. मात्र ही जोडणी वरवरची असते. मूळ पाथ आत जसेच्या तसे, एकमेकांवर चढलेले राहतात, त्यामुळे सांध्याजवळचा बिंदू पकडून ओढायला गेले की हाती येतो तो लपलेल्या तुकड्याचा बिंदू. शिवाय अक्षरे हलू लागली की जोडलेल्या आकाराची रचनाही फ्रेमागणिक नव्याने ठरते, याचा परिणाम पुढे येणाऱ्या ट्रिम पाथ्सवर, म्हणजे पाथचा हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या ऑपरेशनवर, होतो.

ट्रिम पाथ्स हे मजकुराचे आकार करण्यामागचे बहुधा सर्वांत मोठे आकर्षण आहे आणि अपेक्षाभंगही येथेच अधिक होतो. अक्षर लेखणीने लिहिल्यासारखे उमटावे अशी अपेक्षा असते. ट्रिम पाथ्स मात्र पाथवर चालते आणि फाँटमधला पाथ हा लेखणीचा मार्ग नसून शाईची कड असतो. परिणामी ‘अ’ लिहिला जात नाही, त्याच्या कडेने रेघ फिरते. लिहिण्याचा आभास हवा असेल तर अक्षराच्या मधोमध जाणारा उघडा पाथ पेन टूलने स्वतः काढावा, त्याला पुरेसा जाड स्ट्रोक द्यावा, त्याच्यावर ट्रिम पाथ्स लावावे आणि रूपांतरित अक्षराचा उपयोग त्याला मॅट म्हणून, म्हणजे तेवढ्याच आकारात तो दिसू देणारा साचा म्हणून, करावा. हे कष्टाचे काम आहे आणि कोणतीही कमांड ते आपल्यासाठी करत नाही.

कडेने फिरणारी रेघच हवी असेल तर मात्र परिणाम उत्तम मिळतो. ट्रिम पाथ्समध्ये सगळे पाथ एकाच वेळी उमटवायचे की एकापाठोपाठ एक, हे ठरवता येते. रेघ कोठून सुरू होईल हे पाथच्या पहिल्या बिंदूवर अवलंबून असते, आणि तो बिंदू फाँटकाराने ठेवलेला असल्यामुळे एका अक्षराची रेघ शिरोरेषेपासून तर दुसऱ्याची दंडाच्या तळापासून निघते. ‘सेट फर्स्ट व्हर्टेक्स’ने हा बिंदू बदलता येतो; घाईत असेल तर प्रत्येक गटात स्वतंत्र ट्रिम पाथ्स घालून त्याचा ‘ऑफसेट’ फिरवावा. येथे देवनागरीला एक फायदाही आहे, जो रोमन लिपीला मिळत नाही. वर सांगितल्याप्रमाणे शब्द मर्ज पाथ्सने जोडून त्याच्या खाली ट्रिम पाथ्स ठेवले, तर शिरोरेषेमुळे सगळा शब्द एकाच बाह्यरेषेने बांधलेला असतो, आणि ती रेघ शिरोरेषेवरून धावत जाऊन एकेका अक्षराच्या पायाखालून वळत परत येते. शीर्षक स्थिर असताना हे फारच सुरेख दिसते. त्याच वेळी अक्षरे हलवू नयेत, कारण जोडलेल्या आकाराची सुरुवात बदलली की रेघ मध्येच उडी मारू शकते.

एका अक्षराचे दुसऱ्या अक्षरात रूपांतर करणे, म्हणजे मॉर्फ, हेही या कमांडमुळे शक्य होते. एका अक्षराच्या पाथवर कीफ्रेम ठेवावी, पुढे जाऊन दुसऱ्या अक्षराचा पाथ तेथे पेस्ट करावा आणि मधला प्रवास सॉफ्टवेअरवर सोपवावा. तत्त्वतः एवढेच. प्रत्यक्षात दोन पाथांचे बिंदू कमीजास्त असतात, पहिले बिंदू एकमेकांसमोर नसतात आणि मधल्या फ्रेममध्ये आकार स्वतःलाच पीळ घालतो. पहिला बिंदू जुळवून घेतला आणि कमी बिंदू असलेल्या पाथवर हाताने दोन-चार बिंदू वाढवले, तर निम्मी भानगड मिटते. ‘ठ’चे ‘ट’ करताना आतल्या पोकळीला समोर जोडीदारच नसतो. तिला आकुंचन देऊन एका ठिपक्यात संपवावे लागते. अशा कामात अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेट हे सॉफ्टवेअर अजूनही वरचढ वाटते, कारण तेथे शेप ट्वीनमध्ये, म्हणजे एका आकाराचा दुसरा होण्याच्या हालचालीत, ‘शेप हिंट’ देऊन कोणता कोपरा कोठे जावा हे सांगता येते आणि अशा खुणा सव्वीसपर्यंत ठेवता येतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये त्या तोडीची थेट सोय शेप लेअरवर नाही.

याउलट एखाद्या अक्षराचा एकच अवयव हलवायचा असेल तर आफ्टर इफेक्ट्स फार समाधान देते. ‘ग’चा दंड लांबवायचे उदाहरण घेऊ. पाथ निवडला की दंडाच्या तळाशी दोन कोपरे दिसतात. ते दोन्ही धरून खाली ओढले की दंड लांबतो, शिरोरेषा आणि डावीकडचा आकडा जागचे हलत नाहीत, आणि दंडाच्या बाजू सरळ असल्यामुळे कोठेही वळण बिघडत नाही. हीच हालचाल लवचीक हवी असेल तर २०१७ च्या अखेरीस आलेल्या सीसी २०१८ या आवृत्तीपासून सोबत मिळणारी ‘क्रिएट नल्स फ्रॉम पाथ्स’ ही स्क्रिप्ट वापरावी. तिच्यातील ‘पॉइंट्स फॉलो नल्स’ हा पर्याय निवडला की पाथच्या प्रत्येक बिंदूला एक नल (न दिसणारा, नुसता नियंत्रणासाठीचा लेअर) जोडला जातो आणि मग अक्षराचा कोपरा इतर कोणत्याही लेअरसारखा हलवता, पॅरेंट करता (दुसऱ्या लेअरला बांधता) आणि एक्स्प्रेशनने झुलवता येतो. बिंदू मोजके असलेला फाँट का निवडावा याचे उत्तर येथे मिळते, कारण बिंदू जितके, तितके नल टाइमलाइनवर येऊन बसतात.

काही गैरसमजांमुळे ही कमांड विनाकारणही वापरली जाते. मोठे केल्यावर अक्षरे फाटू नयेत म्हणून त्यांचे आकार करावेत, असे सर्रास सांगितले जाते. टेक्स्ट लेअरही व्हेक्टरच असतो आणि कितीही मोठा केला तरी तो सुबकच राहतो, तेव्हा या कारणासाठी रूपांतराची गरज नाही. दुसऱ्याने मजकूर बदलून वापरायचे टेम्पलेट करायचे असेल तर रूपांतर करूच नये, कारण इसेन्शियल ग्राफिक्स पॅनेलमध्ये बदलण्यासाठी ‘सोर्स टेक्स्ट’ लागतो आणि आकारांत तो शिल्लक नसतो. लांब परिच्छेदाचेही आकार करू नयेत. शेकडो गट आणि हजारो बिंदू यांमुळे टाइमलाइन उघडायलाही वेळ लागतो आणि त्यातून मिळत काहीच नाही. फाँट दुसऱ्या संगणकावर नसण्याची भीती हे कारण मात्र रास्त आहे. प्रकल्प सोपवताना ‘कलेक्ट फाइल्स’ केले तरी फाँटच्या फाइल सोबत जात नाहीत, अहवालात त्यांची नावे तेवढी नोंदली जातात. अ‍ॅडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमधून टाइप १ फाँटचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतल्यावर त्या फाँटमधली जुनी शीर्षके उघडी पडली, पण ज्यांचे आकार करून ठेवलेले होते त्यांना काही झाले नाही. अंतिम मंजुरी मिळालेल्या शीर्षकाची आकारांतली एक प्रत ठेवावी, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा.

पर्यायी मार्गांचा विचार केल्याशिवाय परीक्षण अपुरे राहील. अ‍ॅनिमेटमध्ये ‘ब्रेक अपार्ट’ ही कमांड दोनदा द्यावी लागते: पहिल्यांदा मजकुराची सुटी अक्षरे होतात, ती तोवर मजकूरच असतात, आणि दुसऱ्यांदा त्यांचे आकार होतात. मधला हा टप्पा मला फार आवडतो, कारण सुटी अक्षरे ‘डिस्ट्रिब्यूट टू लेअर्स’ने वेगवेगळ्या लेअरांवर टाकता येतात आणि आफ्टर इफेक्ट्समधली अँकर पॉइंटची डोकेदुखी तेथे उद्भवतच नाही. सुट्या अक्षरांत मोडलेली देवनागरी कशी उमटते हे मात्र तेथे शब्दागणिक पाहून घ्यावे.

देवनागरी शीर्षकांसाठी माझी पसंती तिसऱ्याच मार्गाला आहे. मजकूर अ‍ॅडोबीच्या इलस्ट्रेटर या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपी जाणणारा कंपोझर निवडून टाइप करावा, ‘क्रिएट आउटलाइन्स’ द्यावी, पाथफाइंडरच्या ‘युनाइट’ने शिरोरेषेचे सांधे कायमचे विरघळवून टाकावेत, नको असलेले बिंदू काढावेत आणि मग ती फाइल आफ्टर इफेक्ट्समध्ये आणून ‘क्रिएट शेप्स फ्रॉम व्हेक्टर लेअर’ द्यावी. ही कमांड २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली. इलस्ट्रेटर नसेल त्याने इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच करावे. तेथे ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ आहे, आकार एकत्र करणारे ‘युनियन’ आहे आणि देवनागरीची जुळणी विनातक्रार होते. या मार्गाने मिळणारा पाथ खरोखर एकसंध असतो, त्यामुळे वर सांगितलेला मर्ज पाथ्सचा आडवळणाचा क्रम लागत नाही आणि सांध्याजवळचे बिंदूही हाताला लागतात. एक पथ्य पाळावे लागते: अक्षरे स्वतंत्रपणे हलवायची असतील तर युनाइट करण्यापूर्वीची प्रत राखून ठेवावी, कारण एकदा सांधे विरघळले की शिरोरेषा कापल्याशिवाय अक्षर सुटत नाही. रंगछटाही साध्याच ठेवाव्यात, कारण इलस्ट्रेटरमधील ग्रेडियंट (एकमेकांत मिसळणारे रंग) या रूपांतरात टिकतीलच असे नाही.

राहता राहिला लॉटीचा, म्हणजे अ‍ॅप व संकेतस्थळांत व्हेक्टर अ‍ॅनिमेशन चालवण्याच्या पद्धतीचा, प्रश्न, कारण अ‍ॅप आणि संकेतस्थळांसाठी काम करणारे लोक हल्ली मुख्यतः त्यासाठीच मजकुराचे आकार करतात. एअरबीएनबीने २०१७ मध्ये लॉटी खुले केले आणि बॉडीमूव्हिन या प्लगइनमधून आफ्टर इफेक्ट्सचे अ‍ॅनिमेशन जेसन (साध्या मजकुरात माहिती साठवणाऱ्या) फाइलच्या रूपात बाहेर नेण्याची वाट रुळली. तेथे मजकूर मजकूर म्हणून नेला तर समोरच्या उपकरणावर तो फाँट असावा लागतो आणि देवनागरीची जुळणीही त्याच्यावरच सोडावी लागते, म्हणून आकार करून नेणेच सुरक्षित. मर्ज पाथ्स मात्र लॉटीच्या सर्व प्लेअरांवर चालत नाही, त्यामुळे शिरोरेषा जोडण्याचा आफ्टर इफेक्ट्समधला उपाय येथे बाद होतो आणि इलस्ट्रेटर किंवा इंकस्केपमध्ये आधीच जोडलेला पाथ आणावा लागतो. अक्षरांच्या गटांत आपोआप आलेले मर्ज पाथ्स काढून टाकावेत आणि ‘व’, ‘ब’, ‘ठ’च्या पोकळ्या जागेवर आहेत ना, हे काढल्यानंतर डोळ्यांनी पाहावे, एखादी भरली गेली असेल तर आतल्या पाथची दिशा उलटी करावी. प्रत्येक बिंदू आकड्यांच्या रूपात फाइलमध्ये लिहिला जात असल्याने बिंदू कमी करण्याची मेहनत येथे फाइलच्या आकारात वसूल होते. मजकूर हलतो पण त्याची रेषा बदलत नाही, असे अ‍ॅनिमेशन असेल तर बॉडीमूव्हिनच्या सेटिंग्जमधील ‘ग्लिफ्स’ हा पर्याय आधी वापरून पाहावा. निर्यातीच्या वेळी तोच अक्षरांच्या बाह्यरेषा फाइलमध्ये घालतो, आणि प्रकल्पातला टेक्स्ट लेअर त्याच्या अ‍ॅनिमेटरांसह शाबूत राहतो.